हातावर की हातून

आमच्या गावाचं नाव मी लिहीत नाही. मूर्तिजापूर सोडून पॅसेंजर गाडी चांदूर रेल्वेकडे निघाली, की मध्येच एके ठिकाणी विनाकारण थांबल्यासारखी थांबते. वांग्यांच्या आणि संत्र्यांच्या टोपल्या चढतात, माणसं क्वचितच. ते आमचं गाव. नाव लिहिलं तर हरिहरपंत वकिलांची नोटीस येईल, आणि ती शुद्ध मराठीत असेल. शुद्ध मराठीचा मार आमच्या गावानं एकदा खाल्लेला आहे. खरं म्हणजे गावानं नाही, पार्बताबाईनं खाल्ला. गावानं पाहिला.

पार्बताबाई माळ्याची. तीन एकरांची वाडी, विहिरीवर मोट, आणि बाजारात चिंचेखालची ठरलेली जागा. सकाळी ती तिथं वांगी तोलत बसे. पण तिच्या तागडीला फार वेळ सलग काम मिळत नसे. कुणीतरी धावत येई, कानात काही सांगे, आणि पार्बताबाई तागडी शेजारच्या मैनाबाईकडे सरकवून उठे. गिऱ्हाईक अर्ध्या तोलात उभं राही, पण रागावत नसे. आपल्याही घरासाठी ही बाई अशीच कुणाचातरी तोल अर्धा टाकून उठली होती, हे ज्याला त्याला ठाऊक होतं.

अर्धं गाव तिच्या हातावर आलेलं. मीही. माझ्याबद्दल तिचं मत बरं नव्हतं. अमरावतीहून मॅट्रिक होऊन आलो तेव्हा कुणीतरी तिच्यापुढे माझं कौतुक करू लागलं, तर ती म्हणाली, "त्याचं काय सांगता, सव्वादोन शेर भरला होता, थोबी पान्यासगट." भाजी तोलून तोलून तिच्या तळहातालाच काटा बसला होता. लेकरू घेतलं की तिच्या तोंडून आधी वजन निघे, मग मुलगा की मुलगी ते.

'हातावर' हा तिचा शब्द. लेकरू जन्मलं की म्हणे, "हातावर आलं." नाही जगलं तर म्हणे, "हातावर गेलं." येण्याची आणि जाण्याची जागा एकच, तिचा हात. स्टेशनावर गाडी येते नि जाते, त्याचा दोष कुणी फलाटाला देत नाही. तसंच तिला ते वाटत असावं.

आता चिठ्ठीचं सांगतो, कारण पुढचं सगळं चिठ्ठीवरच उभं आहे.

गावात बायकांचा दवाखाना होता आणि तिथल्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. फक्त त्या ख्रिस्ती होत्या. फार पूर्वी एका घरच्या धन्यानं त्यांना उंबऱ्यावरून परत पाठवलं, बाहेर बोभाटा झाला, आणि मग नियम निघाला, की घरच्या कर्त्या पुरुषाच्या सहीची चिठ्ठी आल्याशिवाय डॉक्टरीणबाईंनी कुणाच्या घरी बाळंतपणाला जायचं नाही. नियम कागदावर मोठा शहाणा दिसतो. पण बाई अडायची तेव्हा कर्ता पुरुष शेतात असायचा, नाहीतर कापसाच्या जिनात, नाहीतर बाजारगावी. सापडला तरी त्याला लिहिता येत नसे. आमच्या माळीपुऱ्यात कागद, दौत आणि नवरा ही तिन्ही एका वेळी एका घरात सापडणं हा पंचांगातला योग होता.

पार्बताबाईची सून जयवंता अडली, तेव्हा गोवर्धन, म्हणजे पार्बताबाईचा मुलगा, संत्र्याची कलमं आणायला मोर्शीला गेला होता. लेकरू पायाळू होतं आणि जयवंताला झटके येऊ लागले होते. हे आपल्या हातचं काम नाही, हे पार्बताबाईला कळलं. तिचं मोठेपण हेच होतं, की आपल्याला काय येत नाही हे तिला चटकन कळे. शेजारणीला जयवंतापाशी बसवून ती दवाखान्यापर्यंत पळाली. चार गल्ल्या. फाटकावर शिपायानं चिठ्ठी मागितली. ती म्हणाली, मी सुईण आहे, मी सांगते आहे, माझा आंगठा घ्या. शिपाई म्हणाला, तुझा नवरा? तो वर गेला. मुलगा? तो मोर्शीला. मग शिपायानं अगदी प्रेमानं सांगितलं, की मोर्शीहून तो आला की ये.

दिवे लागायच्या सुमारास जयवंता गेली. लेकरू पोटातच. गोवर्धन तिसऱ्या दिवशी कलमं घेऊन आला. आणलीच होती म्हणून ती लावली. आज ती झाडं दोन पुरुष उंच आहेत आणि संत्री चांगली लागतात. पार्बताबाई ती विकते, खात नाही.

तेव्हापासून तिचं एकच म्हणणं होतं. ती ते भाजी विकताना सांगे, लग्नात सांगे, देवळाच्या पायरीवर सांगे. सुईण बोलावते म्हटलं की डॉक्टरीण आली पाहिजे, चिठ्ठी नको. लोक मान हलवत आणि भाव विचारत.

ऐकणारा माणूस तिला भेटला तो एकोणीसशे पस्तीसच्या सुमारास. नागपूरहून परिपत्रक आलं, की बाळंतपणाचे आणि अर्भकांचे जे नियम गावोगावच्या कमिट्यांनी करायचे, ते लोकांना विचारून करावेत. चौकशी समितीत एखादी अनुभवी सुईणही घ्यावी. लोकांना विचारायचं म्हणजे कुणाला, यावर आमच्या मुन्सिपाल्टीत दोन बैठका झाल्या. शेवटी सात गृहस्थ ठरले, सातही पुरुष. अध्यक्ष हरिहरपंत वकील. डॉक्टरीणबाईंना बोलवायचं ठरलं होतं, पण त्यांच्यासाठी वेगळी खुर्ची मिळेना. आणि सुईण म्हणून पार्बताबाई.

वकिलांनी तिला आपल्या ओसरीवर बोलावलं. ते घर तिला नवीन नव्हतं. वकिलीणबाई अनसूयाबाई यांची चार मुलं तिच्याच हातावर आली. त्यातलं एक गेलं. अनसूयाबाईंनी तिला बसायला पाट दिला आणि स्वतः दाराआड उभ्या राहिल्या. वकिलांनी समजावून सांगितलं, की नागपूर आकड्याशिवाय ऐकत नाही. बाकीच्या सुइणी खोटं सांगतील. तू खरा आकडा सांग, त्या आकड्याच्या जोरावर मी चिठ्ठीचा नियम काढून टाकतो.

पार्बताबाईनं विचारलं, "शबद हाये?"

"वकिलाचा शब्द आहे," हरिहरपंत म्हणाले.

यावर कुणी हसलं नाही, कारण हसायला तिथं तिसरं कुणी नव्हतं. दाराआडच्या अनसूयाबाईंना गावात कुणी माणसात मोजत नसे.

समितीपुढे आधी मनकर्णाबाईची जबानी झाली. मनकर्णाबाई गावातली दुसरी सुईण. तिनं हात जोडून सांगितलं, की माझ्या हातून आजवर एकही लेकरू गेलं नाही. हे खरंच होतं. मनकर्णाबाईचा हात इतका पवित्र, की लेकरू जातंय असं दिसलं की ती आधी घरी जाई. कधी दिव्याला तेल आणायला, कधी देवाला नारळ ठेवायला. त्यानंतर जे व्हायचं ते तिच्या माघारी होई, आणि बहुतेक वेळा पार्बताबाईच्या हातावर होई.

मग पार्बताबाईला विचारलं. ती दारापाशी जमिनीवर बसली होती. जबानी लिहून घ्यायला माझे वडील होते. बाबांचं नाव वामनराव, मुन्सिपाल्टीत कारकून, तिच्याच पुऱ्यातले, तिच्याच बोलीत वाढलेले. त्यामुळे तिचं बोलणं त्यांना जसंच्या तसं लिहिता आलं. तीस वर्षांत माझ्या हातावर एकोणीस लेकरं गेली आणि चार बाया गेल्या, असं तिनं सांगितलं. चौथी माझी सून. एकोणिसातली अकरा, डॉक्टरीण वेळेवर आली असती तर जगली असती.

इथं ती थांबली असती तर बरं झालं असतं, असं बाबा पुढे म्हणत. पण खरं सांगायला बोलावलं होतं, म्हणून ती सांगत राहिली. या अकरांतल्या पाच घरी माणूस बाहेर होता. सहा घरी माणूस घरात बसला होता, लिहिता येत होतं, आणि त्यानं चिठ्ठी दिली नाही.

तिनं घर एकही सांगितलं नाही. गरज नव्हती. संत्र्यांचे व्यापारी खुशालराव छताकडे पाहू लागले, जशी तिथं संत्री लागली होती. कुणी शेंडी चाचपली. हरिहरपंतांनी टाक दौतीत बुडवला तो बराच वेळ बाहेर काढला नाही. अनसूयाबाईंचं दुसरं बाळंतपण दोन दिवस अडलं होतं. तेव्हा ते घरातच होते आणि पार्बताबाईनं तीनदा निरोप धाडला होता, की डॉक्टरीण बोलवा. "घरात देव आहेत," असं उत्तर आलं होतं. ते लेकरू एकोणिसातलंच.

तीन महिन्यांनी समितीचा अहवाल छापून आला. एक प्रत मुन्सिपाल्टीच्या फळ्यावर लागली. पार्बताबाईला ते कळलं बाजारात. एक बाई वांगी घेता घेता हात आखडून म्हणाली, की तुझ्या हातून एकोणीस लेकरं मेली म्हणतात, खरं का? दुसरीनं तर पदराखालचं लेकरू पलीकडच्या खांद्यावर घेतलं. पार्बताबाई तागडी मैनाबाईकडे सरकवून उठली. बाळंतपण नसताना तागडी सरकवायची तिची ती पहिलीच वेळ. थेट आमच्या ओट्यावर आली आणि बाबांना म्हणाली, "वामन, वाच."

बाबांनी वाचलं. 'सदर अशिक्षित सुइणीच्या हातून एकोणीस अर्भके व चार स्त्रिया दगावल्याचे तिने स्वमुखे कबूल केले आहे.' पुढे नियम होते. ज्या सुइणीच्या हातून पाचांहून अधिक अर्भके दगावली असतील तिचं नाव नोंदवहीत घेऊ नये. नोंदवहीबाहेरच्या सुइणीनं बाळंतपण केल्यास दंड, न भरल्यास कोठडी. नोंदवहीत पहिलं नाव मनकर्णाबाईचं. तिला काळी पिशवी, कात्री आणि साबणाची वडी मिळाली. सहा घरांचा उल्लेख कुठे नव्हता. आणि चिठ्ठी? पूर्वीप्रमाणेच आवश्यक, मात्र यापुढे छापील नमुन्यात.

बाबांनी तिला आपला कच्चा मसुदा दाखवला. तिला वाचता येत नव्हतं, पण त्यांना कुणालातरी दाखवणं भाग होतं. त्यात 'हातावर' असंच होतं. वकिलांनी तांबड्या शाईनं ते खोडलं होतं आणि बाबांना वर ऐकवलं होतं, की हातावर मरणे हा प्रयोग अशुद्ध आहे, वामनराव. मराठीत माणूस हातून मरतो. बाबा म्हणाले होते, "जी." बाबांनी जन्मात जो शब्द सगळ्यात जास्त वापरला तो हाच.

पार्बताबाई तशीच वकिलांच्या ओसरीवर गेली. गोवर्धन मागे होता, त्याच्याकडून मला हे कळलं. या वेळी पाट मिळाला नाही. तिनं उभ्याउभ्याच विचारलं, की मी हातावर म्हटलं होतं, तुम्ही दुसरं काहून लिहिलं? वकिलांनी सांगितलं, की अर्थ एकच आहे.

"एक नाई, सायेब," ती म्हणाली. "हातावर म्हंजे मी तिथं होती. हातून म्हंजे मी केलं."

वकिलांनी चष्मा पुसला. मग तिचं वय झालं असं सांगितलं, विश्रांती घे म्हणाले, आणि चिठ्ठीबद्दल, की बाकीचे सभासद ऐकेनात, माझा नाइलाज झाला. दाराआड बांगड्या वाजल्या. पण बाहेर कुणी आलं नाही.

त्यानंतर पार्बताबाई फक्त भाजी विकू लागली. तागडीला सलग काम मिळालं. गिऱ्हाईक खूश असायला हवं होतं, पण गिऱ्हाईकही कमी झालं. मनकर्णाबाई काळी पिशवी घेऊन बाजारातून जायची तेव्हा पार्बताबाई वांगी उलटीपालटी करत बसे.

असे आठ महिने गेले. फाल्गुनातला रविवार, दुपार. वकिलांची सून अनुपमा पहिलटकरीण, सकाळपासून अडलेली. तिचा नवरा कमलाकांत अकोल्याला वकिली करी, तो तिकडे होता. मनकर्णाबाई पिशवीसकट हजर होती. दुपारी तिला दिसलं, की लेकरू आडवं आहे, आणि तिला देवाचा नारळ आठवला. डॉक्टरीणबाई अमरावतीला गेलेल्या. म्हणजे या खेपेला वकिलांनी दहा चिठ्ठ्या लिहिल्या असत्या तरी उपयोग नव्हता.

अनसूयाबाई स्वतः आल्या. मागच्या गल्लीनं, डोक्यावरून शाल घेऊन, पायांत वहाणा नाहीत. पार्बताबाई वाडीत मेथी निवडत होती. आमची आई तिच्यापाशी बसली होती, म्हणून हे बोलणं आमच्या घरात शब्दाला शब्द पाठ आहे. अनसूयाबाईंनी सगळं सांगितलं आणि हात जोडले.

पार्बताबाई म्हणाली, "चिठ्ठी आना, वहिनीबाई."

"अहो, पोर मरतेय तिकडे."

"मले कोठडी हाये तुमच्या नियमानं. वकीलसायेबानं लिवून द्यावं, पार्बताले बोलावलं म्हून. घरात देव हायेत तशी दौतबी असंनच."

अनसूयाबाई आल्या तशा परत पळाल्या. आई म्हणते, मला वाटलं ही आता सूड घेऊन बसते. पण अनसूयाबाई वळणावर दिसेनाशा होतात न होतात, तोच पार्बताबाई उठली होती. राखेनं कोपरापर्यंत हात घासले, उकळत्या पाण्यातून काढलेला विळा फडक्यात गुंडाळला आणि निघाली. चिठ्ठीसाठी ती थांबणार नव्हतीच. पण चिठ्ठी तिला हवी होती, आणि फक्त कोठडीच्या धाकानं नव्हे. चैत्रात समितीनं लोकांच्या सूचना पुन्हा ऐकायच्या होत्या. ज्यानं आपलं नाव काढून टाकलं त्यानंच सही करून आपल्याला बोलावलं, असा कागद हातात असला, की मग सुइणीच्या बोलावण्यावर डॉक्टरीण का येऊ नये, हे विचारता येणार होतं. जयवंताच्या नावानं एकदा तरी ते विचारायचं होतं.

मारुतीच्या वळणावर दोघी समोरासमोर आल्या. अनसूयाबाईंच्या मुठीत घडी केलेला कागद होता. पार्बताबाईनं विचारलं, "मले बोलावलं, हेच लेहेलं नं?"

"हो," अनसूयाबाई म्हणाल्या. "तेच लिहिलंय. चला लवकर."

पार्बताबाईनं घडी कनवटीला खोचली.

लेकरू तिनं आतल्या आत फिरवून सरळ केलं, आणि दिवस कलायच्या आत ते हातावर आलं. बाळंतीण जगली, लेकरू जगलं. "तीन शेर," ती म्हणाली, "अन् मुलगा." वकील तेव्हा देवघरात होते.

पाचवीला अनसूयाबाईंनी तिला बोलावलं. रिवाजाप्रमाणे सुइणीच्या दोन्ही हातांना हळदकुंकू लावलं, ओटी भरली, खण दिला. हे सगळं करताना त्यांनी मान वर केली नाही. पार्बताबाईला वाटलं, थकल्यात.

चिठ्ठी तिनं पत्र्याच्या डबीत ठेवली. ती कुणाकडून वाचून घेतली नाही. आम्ही विचारलं तर म्हणाली, वहिनीबाईनं सांगितलं ना काय आहे ते, मग पुन्हा वाचायचं काय? लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या माणसाच्या शब्दावर तिचा अजून तेवढा विश्वास होता. माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्यालाही तिनं त्या डबीला हात लावू दिला नाही. सव्वादोन शेरांच्या माणसाचा भरवसा नाही म्हणाली.

चैत्रात दवंडी पिटली, की सूचना असतील त्यांनी यावं. सूचना असलेले दोनच लोक आले. एकाची सूचना गटाराबद्दल होती, त्याला पुढल्या महिन्यात या म्हणून सांगितलं. दुसरी पार्बताबाई. सोबत गोवर्धन. खिडकीशी आम्ही दोघंचौघं उभे होतो. आत तेच सात गृहस्थ, मध्ये हरिहरपंत, आणि कोपऱ्यातल्या मेजाशी बाबा.

ती बसली नाही. तिनं सांगितलं, की माझं नाव तुम्ही काढलं, ते असू द्या. पण ज्याच्या घरी वेळ आली त्यानं मलाच बोलावलं, लिहून बोलावलं. म्हणजे सुइणीवर भरवसा आहे. मग मी, किंवा मनकर्णा, किंवा कुणीही सुईण डॉक्टरीणबाईंना बोलवायला गेली, तर तिच्याकडे नवऱ्याची चिठ्ठी मागू नये. एवढंच मागणं आहे. आणि तिनं डबी उघडून कागद मेजावर ठेवला. कुणाचा, ते सांगितलं नाही. आब राखला.

मी हरिहरपंतांकडे पाहत होतो. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, याचं मला तेव्हा नवल वाटलं.

बाबांनी घडी उलगडली. आधी मनाशी वाचली. मग त्यांनी पार्बताबाईकडे पाहिलं, आणि पुन्हा कागदाकडे. बाबांना खोकल्याची सवय होती. देवाच्या आरतीत, पाहुण्यांच्या पंगतीत, नको तिथं त्यांना खोकला येई. तेव्हा आला नाही. अक्षर लागत नाही, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"वाचा, वामनराव," हरिहरपंत म्हणाले.

"जी," बाबा म्हणाले. आणि वाचलं. "'दोन शेर वांगी व एक जुडी कोथिंबीर पाठवून द्यावी.' खाली सही."

खुशालराव आधी हसले, मग सगळे. खिडकीतलेही हसले. मीही हसलो असेन, सगळ्यांत होतो. वकिलांनी सौम्यपणे सांगितलं, की बाई भाजी विकतात, आमच्याकडे त्यांचीच भाजी येते, यात गैर काही नाही.

पार्बताबाई हसणं संपेपर्यंत थांबली. मग तिनं बाबांना विचारलं, की अजून काय आहे त्यात? बाबांनी कागद उलटून दाखवला. मागे कोरा होता.

"दोन शेर लेहेलं होय," ती म्हणाली. "मी तं तीन शेराचं देल्लं."

या वेळी फार थोडे हसले. हरिहरपंतांनी टाक उचलला आणि बाबांना नोंद करायला सांगितली: उपस्थित सूचना, एक, गटाराबाबत. बाबांनी ती नोंद केली.

ती बाहेर आली आणि आमच्या ओट्यावर बसली. आईनं पाणी दिलं. बाबा घरी आले ते मागच्या दारानं. गोवर्धन वकिलांना शिव्या देऊ लागला, तर तिनं त्याला गप्प केलं.

"वकिलाचं काय घेऊन बसला," ती म्हणाली. "थो वकील हाये. पन वहिनीबाईले वाचता येते रे."

मग डबीचं झाकण उघडत-मिटत बसली. आई म्हणते, जयवंता गेली तेव्हासुद्धा ती अशी बसली नव्हती. तेव्हा तिला कुणावर तरी ओरडता येत होतं.

आता या गोष्टीला सहा वर्षं होतील. फळ्यावरचा नियम तसाच आहे. कागद पिवळा पडला की मुन्सिपाल्टी नवा लावते. छापील चिठ्ठ्यांचे गठ्ठे दवाखान्यात मिळतात. मनकर्णाबाईला दुसरी कात्री मिळाली. माळीपुऱ्यातल्या बायकांनी मात्र त्या चिठ्ठीतून आपली सोय काढली. पोटात कळ आली, की त्या बाजारात निरोप धाडतात, दोन शेर वांगी पायजेत म्हणून. पार्बताबाई उठते आणि जाते. दंड कुणावर करणार, वांग्यावर? पुऱ्यात हा मोठा विनोद झाला आहे. ती एकदाही त्याला हसलेली मी पाहिलेली नाही. आणि अडलेल्या बाईसाठी डॉक्टरीण बोलवायची वेळ आली, तर ती अजूनही चार गल्ल्या पळते आणि फाटकावरून परत येते. हातावर गेलेली आता बावीस झाली आहेत.

त्या सभेनंतर सहाएक महिन्यांची गोष्ट आहे. वकिलीणबाई बाजारात कधी येत नसत, त्या दिवशी आल्या. कडेवर नातू. मी शेजारी मैनाबाईकडे मिरच्या घेत होतो. अनसूयाबाई चिंचेखाली येऊन उभ्या राहिल्या. काही बोलायला आल्या होत्या, ते दिसतच होतं. पार्बताबाईनं वर पाहिलं नाही. तागडीत वांगी घातली, दोन शेर, काटा बरोबर मध्ये येईपर्यंत.

"मी वाचलं होतं, पार्बताबाई," अनसूयाबाई हळूच म्हणाल्या. "पण यांना दुसरं लिहा म्हणायला वेळ नव्हता हो. पोर तिकडे..."

"अन् मले सांगाले?"

नातवानं तागडीकडे हात लांबवला. तो चांगला वाढला होता, वजन सहज दिसत होतं. पण पार्बताबाईनं ते सांगितलं नाही. वांगी त्यांच्या पिशवीत ओतली आणि एक हिरवी जुडी उचलून पाणी झटकलं.

"ती कोथिंबीरही द्या," अनसूयाबाई म्हणाल्या. काहीतरी म्हणायला हवं म्हणून म्हणाल्या असतील.

पार्बताबाईनं जुडी पुन्हा टोपलीत ठेवली.

"कोथिंबीर नाई आमच्यापाशी, वहिनीबाई," ती म्हणाली. "आमच्यात सांबार म्हन्तेत."